माळ्यावरचं गाड्यांचं खोकं

अगं, माळ्यावरचं ते खोकं खाली उतरवलंस हे फार छान केलंस. आता मात्र थोडा दम धर. फोनवर तू विचारलंस, “मामा, आधी पुसून घेऊ का?” तर नको. ओलं फडकं, साबण, काच पुसायचं पाणी, काहीच लावू नकोस. जसं आहे तसं जमिनीवर चादर पसरून मांड आणि प्रत्येक वस्तूचा वरून, खालून, बाजूने फोटो काढ. कोणता सुटा भाग कोणत्या गाडीशेजारी पडला होता, हे त्या फोटोंवरूनच पुढे कळेल.

आत काय आहे ते सांगतो. तुझे आजोबा, म्हणजे आमचे अप्पा, बोटीवर होते. बोट लंडनला किंवा लिव्हरपूलला लागली की आम्हा भावंडांसाठी गाड्या यायच्या. माझ्यासाठी एअरफिक्स आणि मॅचबॉक्सचे जोडायचे संच, तुझ्या आईसाठी डिंकीच्या तयार, धातूच्या गाड्या. खेळण्यांत मुलगा-मुलगी हा भेद अप्पांनी कधी केला नाही. तुझ्या आईला जोडण्यापेक्षा चालवण्यात रस होता, एवढंच. डिंकी गाड्या लिव्हरपूलच्याच. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीचा बिन्स रोडवर कारखाना होता, तिथे त्या बनायच्या. १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं आणि १९७९ मध्ये तो कारखाना बंद झाला. त्यातल्या काही साच्यांची गंमत अशी, की ते पुढे कलकत्त्याला आले आणि त्यातून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. त्यामुळे बुडावर ‘निकी’ आणि ‘मेड इन इंडिया’ दिसलं तर ती नकली समजून बाजूला टाकू नकोस. रंग जरा जाड असतो, पण साचा अस्सल आहे आणि आपल्या देशाच्या खेळण्यांच्या इतिहासाचा तो तुकडा आहे.

आता मुख्य गोष्ट ऐक. त्या एका खोक्यात प्लॅस्टिक, रबर, कागद आणि धातू असे चार पदार्थ आहेत, आणि चौघं चार तऱ्हांनी म्हातारे होतात. शिवाय शेजारी ठेवले तर काही एकमेकांना खातात. म्हणून तुझं पहिलं काम दुरुस्तीचं नाही. त्यांना एकमेकांपासून वेगळं करायचं, हे पहिलं काम.

खोकं उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास आला का? आला असेल तर त्या आधी काढून टाक. घरातल्या कुणीतरी कपड्यांच्या ट्रंकेत टाकतो तशा काळजीने टाकल्या असतील. पण या संचांचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि गोळ्यांच्या वाफेने ते नरम, चिकट होतं. कसर आणि झुरळांसाठी दुसरे उपाय आहेत: घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि वर्षातून दोनदा उघडून पाहणं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर तर उघडायलाच हवं.

मग टायर. मॅचबॉक्सच्या संचांत काळे मऊ टायर असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. टायर चाकाला किंवा खिडकीच्या पारदर्शक तुकड्याला टेकून राहिला, तर त्या ठिकाणी प्लॅस्टिक वितळल्यासारखं होतं आणि टायरच्या नक्षीचा ठसा उमटतो. तो ठसा जात नाही. म्हणून सगळे टायर झिपच्या छोट्या पिशव्यांत वेगळे भर आणि पिशवीवर गाडीचं नाव लिही. जोडून झालेल्या गाडीवर चाकाच्या रिमला आतून रंगाचा किंवा वॉर्निशचा एक हात दिलेला असला, की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

कागदाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. एअरफिक्सच्या लहान गाड्या पारदर्शक पिशवीत यायच्या, वर दुमडलेलं चित्राचं कार्ड पिनांनी टाचलेलं. आपल्या हवेत त्या पिना गंजतात आणि कार्डावर तपकिरी डाग पसरतो. पिना चिमट्याने सरळ करून, ओढाताण न करता काढ. कार्ड, जोडणीचा कागद, आणि आजोबांनी कोपऱ्यात पेन्सिलीने बंदराचं नाव लिहिलं असेल तर तेही, सगळं स्कॅन कर. मूळ कागद सपाट ठेव. चिकटपट्टी कशालाही लावू नकोस. ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते.

त्याच पिशवीत डिकॅलचा पातळ कागद असेल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायचे नंबर आणि पट्टे. ते पिवळे दिसले तरी फेकू नकोस. झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेव. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकण्याआधी मात्र एक नको असलेला कोपरा कापून भिजवून बघ. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर चकचकीत पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात दे, पूर्ण वाळू दे. आता वरचा थर सलग झाला, तो सगळं धरून ठेवतो. एकेक आकडा कडेने कापूनच भिजवायचा.

धातूच्या गाड्यांचं वेगळं आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर धातू आतून किडतो. युद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत हे फार दिसतं: अंगावर केसासारख्या भेगा, टप फुगलेलं, गाडी धनुष्यासारखी वाकलेली. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. यावर औषध नाही. पण ही कीड एका गाडीतून दुसरीत जात नाही; जी किडते ती तिच्या ओतकामातल्या दोषाने. दमट, गरम जागी ती लवकर वाढते, एवढंच. अशी गाडी सापडली तर मऊ कागदात गुंडाळून थंड, कोरड्या कपाटात ठेव आणि उचलताना खालून दोन्ही हातांनी उचल. फोममध्ये गुंडाळू नकोस. तो काही वर्षांत भुगा होऊन रंगाला चिकटतो.

आईच्या गाड्यांचे पोपडे उडालेत, तर नवा रंग द्यायचा मोह होईल. देऊ नकोस. पितळ चमकवायचं पॉलिशही नको. कोरडा मऊ ब्रश पुरे. तो उडालेला रंग तुझ्या आईने ओसरीच्या फरशीवर उडवलेला आहे. माझा नियम साधा आहे: जे खेळून झालंय ते बदलायचं नाही आणि जे कधी जोडलंच गेलं नाही ते जोडायचं. आणखी एक, त्या काळच्या खेळण्यांच्या रंगात शिसं असायचं. शेजारचं लहान बाळ आलं तर त्याच्या हाती या गाड्या देऊ नकोस, आणि हाताळून झाल्यावर तूही हात धू.

तर न उघडलेली एअरफिक्सची पाकिटं तू जोडावीस असं मला मनापासून वाटतं. कुणी म्हणेल, पाकीट बंद ठेव, किंमत येईल. लहान पाकिटांना अशी किंमत क्वचितच येते, कारण त्याच साच्यांतून तेच संच पुन्हा पुन्हा निघाले आहेत. कार्ड आणि कागद जपलास की जपण्यासारखं जपलंस. प्लॅस्टिक जोडण्यासाठीच घेतलं होतं.

शिवाय या छंदाच्या मुळाशीच जुन्या गाड्या आहेत. अमेरिकेत रेव्हेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हायवे पायोनियर्स’ नावाने जुन्या मोटारींचे छोटे संच काढले आणि प्लॅस्टिकचे संच घराघरांत पोचले. इंग्लंडमध्ये १९३९ साली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी एअरफिक्स सुरू केली. १९५२ पासून तिचे स्वस्त संच वूलवर्थच्या दुकानांत मिळू लागले, तिथूनच अप्पा आणायचे. आणि लंडनच्या हॅकनी भागातली लेस्नी कंपनी, म्हणजे मॅचबॉक्सवाले, त्यांनी १९५६ मध्ये ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही जुन्या वाहनांची धातूची मालिका काढली, तर १९७३ पासून दोन-तीन रंगांच्या प्लॅस्टिकचे जोडसंच. मॅचबॉक्सच्या संचात भाग आधीच वेगवेगळ्या रंगांचे असतात, म्हणून न रंगवताही ती गाडी शोभते. तुला रंगकामाची धास्ती वाटली तर तो संच घे.

जोडण्याआधी, सुटे भाग ज्यात देठांनी अडकलेले असतात ती सगळी प्लॅस्टिकची चौकट कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धू. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर आणि हातांचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पिठाच्या चाळणीत धर, म्हणजे सुटलेला दिवा मोरीत वाहून जाणार नाही. वाकलेला भाग गरम पाण्यात बुडवून मऊ झाला की सपाट फरशीवर दाबून सरळ करता येतो. पाणी उकळतं नको, आणि एकदम जोर नको.

भाग चौकटीतून पिरगाळून तोडायचा नाही. सोनाराकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तसा बारीक कटर घे, देठ जरा राखून काप, मग धारदार ब्लेडने उरलेला देठ तास आणि चारशे, मग आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने, तोही ओला करून, घास. जुन्या साच्यांतून कडेला पातळ पापुद्रे निघालेले असतात, तेही ब्लेडने खरवडून काढ. प्रत्येक जोड आधी गोंदाशिवाय बसवून पाहा. बसत नसेल तर चूक कागदात शोधू नकोस, कडेला असलेल्या पापुद्र्यात शोध.

पिशवीतली जुनी गोंदाची नळी फेकून दे. आता बाटलीत ब्रशसकट मिळणारा पाण्यासारखा पातळ प्लॅस्टिक सिमेंट वापर. दोन भाग हाताने जुळवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा. सिमेंट आपोआप आत ओढला जातो आणि प्लॅस्टिक वितळवून दोघांना एक करतो. म्हणूनच रंग किंवा क्रोमचा मुलामा असलेल्या पृष्ठभागावर तो चालत नाही, तिथे जोडाची कड आधी खरवडावी लागते. समोरच्या काचेला मात्र सिमेंट नको आणि फेव्हिक्विकही नको. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकट होते. काचेला साधा पांढरा फेव्हिकॉल, आगकाडीच्या टोकाने. वाळला की पारदर्शक होतो. हे सगळं खिडकी उघडी ठेवून.

आता रंग, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नकोस; गाडीचं वर्ष बघ आणि वर्षावरून रंग ठरव. १९०४ ची डॅरॅक असेल (१९५३ च्या ‘जेनेव्हीव्ह’ या इंग्रजी चित्रपटात नायिकेइतकीच महत्त्वाची असलेली गाडी याच जातीची), तर तिचे टायर काळे करू नकोस. रबरात काजळी मिसळायची पद्धत पुढे १९१० च्या दशकात रुळली. त्याआधीचे टायर मळकट पांढरे, राखाडी असत. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांचे दिवे आणि रेडिएटर पितळी रंगव. विसाच्या दशकात तेच निकेलचे, जरा पिवळसर छटेची चांदी. झगझगीत क्रोम आला तो दशक संपता संपता. त्यामुळे १९११ च्या रोल्स-रॉइसच्या संचात क्रोमचे दिवे असतील, तर मुलामा उतरवूनच टाक: काचेच्या वाटीत कपड्यांचं ब्लीच, हातमोजे, उघडी खिडकी, काही वेळात मुलामा विरघळतो. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं काहीही कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

फोर्डची मॉडेल टी सगळे काळी रंगवतात. ती फक्त काळी यायची हे खरं, पण १९१४ ते १९२५ या काळात. ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, दीड कोटीच्या आसपास. तुझ्याकडचा संच १९१२ च्या गाडीचा आहे. तिचं अंग गडद निळं कर आणि मडगार्ड काळे. आणि कोणतीही जुनी गाडी आरशासारखी चकचकीत करू नकोस. विसाच्या दशकात सेल्युलोज रंगाचे फवारे येईपर्यंत गाड्या ब्रशने रंगवायचे, थरावर थर देत, वर वॉर्निश. बत्तीस पट लहान गाडीवर अर्धवट चमकच खरी वाटते.

हम्ब्रोलच्या छोट्या डब्या गंजल्या असतील, पण झाकण उघडून बघ. वर साय धरलेली असेल तर ती कडेने कापून अख्खी उचल, ढवळून आत मिसळू नकोस. खाली बसलेला रंग चौकटीच्या उरलेल्या काडीने सावकाश घोट. तो पुन्हा मोकळा झाला तर आजही लागतो. पातळ करायला टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर प्लॅस्टिकजवळसुद्धा आणू नकोस, गाडी विरघळेल.

चोरबाजारात मटन स्ट्रीटला कधी गेलीस आणि कुणीतरी जाड रंग फासलेली प्लॅस्टिकची गाडी स्वस्तात दिसली, तर घे. एनॅमल रंग डेटॉलने निघतो. डब्यात नुसत्या डेटॉलमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेव, मग जुन्या टूथब्रशने घास, पण घासतानाही डेटॉलच वापर. लगेच पाण्याखाली धरलीस तर सगळ्याचा चिकट राळेसारखा गोळा होतो. रंग पूर्ण सुटला की साबण, मग पाणी. नळीच्या गोंदाचे जुने जोड सोडवायचे असतील तर गाडी पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. पुष्कळदा जोड ठिसूळ होऊन अलगद सुटतात. तिथे धातूच्या गाड्या घेताना मात्र बुडाच्या रिव्हेटी बघ. त्या पोखरलेल्या, किंवा तिथे स्क्रू असेल, तर गाडी उघडून पुन्हा रंगवलेली आहे. आवडली तर जरूर घे, पण मूळ रंगाचा भाव देऊ नकोस.

जमलं तर खऱ्या गाड्याही बघ. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची फेरी निघते, आणि अहमदाबादजवळ कठवाड्याला जुन्या मोटारींचं मोठं संग्रहालय आहे. तिथे गाडीचा समोरून फोटो सगळेच काढतात. तू वाकून खालचा काढ: ॲक्सल, स्प्रिंगची पानं, पायाखालच्या पट्टीचे खिळे, चामड्याच्या पट्ट्यांचे बक्कल. रंगवताना नेमकं तेच अडतं.

सुरुवात मॉडेल टीपासून कर. तिचे भाग मोठे आहेत आणि साचा सरळ आहे. १९३० ची बेंटली शेवटी ठेव. तिच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्याही पुढे, जो डबा दिसतो तो सुपरचार्जर. शर्यतीतल्या टिम बर्किनच्या हट्टाने तो बसवला गेला, स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटलींना तो मान्य नव्हता. १९२९ आणि १९३० ची ल माँची शर्यत या गाडीने नाही, बेंटलीच्याच सुपरचार्जर नसलेल्या स्पीड सिक्सने जिंकली. पण १९३० मध्ये पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किनने ही अवजड गाडी हलक्या शर्यतगाड्यांच्या गर्दीतून दुसऱ्या क्रमांकावर आणली. तो डबा जोडताना आधी चासीच्या दोन्ही पट्ट्या समांतर आहेत का ते पट्टीने तपास, नाहीतर रेडिएटर तिरका बसतो आणि पुढचं काहीच जुळत नाही. त्या दिवशी मला बोलाव. दोन पट्ट्या सरळ धरायला दोन हात लागतात, आणि सिमेंटचा ब्रश धरायला तिसरा.